म्हैसूर संस्थानाला घटनात्मक आराखडा देणारे तत्त्वज्ञ : ब्रजेंद्रनाथ सील

म्हैसूर : दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरला येणारे पर्यटक राजवाड्याची रोषणाई आणि हत्तींची मिरवणूक पाहून परततात. याच दिवसांत एकेकाळी या शहरात आणखी एक मोठा मेळावा भरत असे. संस्थानाच्या प्रत्येक तालुक्यातून आलेले शेतकरी, जमीनदार आणि व्यापारी यांचे प्रतिनिधी दिवाणांसमोर बसत आणि रस्ते, तलाव, शेतसारा, शाळा यांविषयीची गाऱ्हाणी मांडत. ती म्हैसूरची प्रजाप्रतिनिधी सभा होती. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी दिवाण सी. व्ही. रंगाचार्लू यांच्या पुढाकाराने १४४ सदस्यांसह तिचे पहिले अधिवेशन झाले. कोणत्याही भारतीय संस्थानातील अशा स्वरूपाची ही पहिली सभा मानली जाते.

स्थापनेनंतर चार दशके उलटली, तरी या सभेला कायद्याचा आधार नव्हता. तो १९२३ मध्ये मिळाला. त्यामागील आराखडा ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, ते ब्रजेंद्रनाथ सील कायद्याचे प्राध्यापक नव्हते आणि राजकारणीही नव्हते. ते तत्त्वज्ञानाचे अध्यापक आणि म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते.

कलकत्त्यातील जडणघडण

सील यांचा जन्म ३ सप्टेंबर १८६४ रोजी कलकत्त्यात झाला. त्यांचे वडील महेंद्रनाथ वकील होते आणि फ्रेंच विचारवंत ओग्युस्त कोंत यांच्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासक म्हणून परिचित होते. सील यांचे महाविद्यालयीन शिक्षण जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. ही संस्था आज स्कॉटिश चर्च कॉलेज या नावाने ओळखली जाते. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून विख्यात झालेले नरेंद्रनाथ दत्त त्याच काळात तेथे शिकत होते आणि दोघांमध्ये तत्त्वचर्चा होत असे.

१८८४ मध्ये एम. ए. झाल्यावर सील यांनी अध्यापनाचा मार्ग स्वीकारला. बहरमपूर येथील महाविद्यालयानंतर कूचबिहारच्या व्हिक्टोरिया महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. गणित, साहित्य, विज्ञान, धर्म आणि समाजशास्त्र अशा अनेक विषयांत त्यांची गती होती. १९११ मध्ये लंडनला भरलेल्या जागतिक वंश परिषदेत वंश, जमात आणि राष्ट्र या संकल्पनांवर त्यांनी निबंध सादर केला. प्राचीन भारतीयांच्या विज्ञानविचारावरील त्यांचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या संस्कृतींची तुलना करताना एकीला मापदंड मानून दुसरीला मोजू नये, ही त्यांच्या लेखनातील मध्यवर्ती भूमिका होती.

एक अध्यासन, दोन तत्त्वज्ञ

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत झाली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा दिवाण होते. ब्रिटिश इंडियाबाहेर, एका संस्थानाने उभारलेले हे पहिले विद्यापीठ. १९२१ मध्ये सील त्याचे कुलगुरू झाले. त्यामुळे कलकत्ता विद्यापीठातील त्यांचे ‘किंग जॉर्ज पंचम’ हे तत्त्वज्ञानाचे अध्यासन रिकामे झाले आणि त्या जागी म्हैसूरमध्येच अध्यापन करणारे सर्वपल्ली राधाकृष्णन यांची नियुक्ती झाली. कलकत्त्याचा तत्त्वज्ञ म्हैसूरला आला आणि म्हैसूरचा तरुण प्राध्यापक कलकत्त्याला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शांतिनिकेतनात विश्वभारतीच्या औपचारिक स्थापनेच्या समारंभाचे अध्यक्षस्थान रवींद्रनाथ टागोरांनी सील यांना दिले.

म्हैसूर दरबाराने त्यांच्यावर लवकरच आणखी एक जबाबदारी सोपवली. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर ब्रिटिश प्रांतांमध्ये कायदेमंडळांचे अधिकार वाढले होते. १८८१ मध्ये सर्वांच्या पुढे असलेले म्हैसूर आता मागे पडल्यासारखे दिसत होते. शिवाय संस्थानात दोन सभा होत्या. एक जुनी प्रजाप्रतिनिधी सभा आणि दुसरी १९०७ मध्ये स्थापन झालेली छोटी विधिपरिषद. दोघींच्या कामाची विभागणी स्पष्ट नव्हती. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२२ मध्ये सील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९२३ मध्ये आला आणि त्याआधारे त्याच वर्षी दोन्ही सभांसाठी स्वतंत्र कायदे झाले.

समितीने काय बदलले?

समितीने दोन्ही सभा कायम ठेवल्या आणि त्यांची कामे वेगळी केली. प्रजाप्रतिनिधी सभा सुमारे अडीचशे सदस्यांची झाली आणि तिला कायद्याने अस्तित्व मिळाले. तातडीचे प्रसंग वगळता कोणताही नवा कायदा करण्यापूर्वी किंवा नवा कर बसवण्यापूर्वी या सभेचे मत घेणे सरकारवर बंधनकारक झाले. अर्थसंकल्पावर चर्चा करण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि ठराव मांडण्याचा अधिकारही तिला होता.

विधिपरिषदेची सदस्यसंख्या ५० झाली. त्यांपैकी २२ सदस्य निवडून येणारे होते. कायद्याचे कलमवार काम आणि अर्थसंकल्पातील मागण्यांवर मतदान ही या परिषदेची कामे ठरली. लोकमताचा विस्तृत आवाज एका सभेत आणि विधेयकांची बारकाईने छाननी दुसरीत, अशी ही रचना होती.

मतदारांसाठी असलेली मालमत्तेची अट शिथिल करून जवळपास निम्म्यावर आणण्यात आली. अल्पसंख्य आणि वंचित समाजांच्या प्रतिनिधित्वासाठी तरतूद झाली. मतदानासाठी स्त्री असणे ही अपात्रता राहिली नाही. मालमत्तेची अट कायम असल्याने प्रत्यक्षात फार थोड्या स्त्रियांना याचा लाभ झाला, तरी तत्त्व मान्य झाले होते. तुलनेसाठी स्वित्झर्लंडचे उदाहरण बोलके आहे. संसदेने केलेल्या कायद्यावर नागरिकांना सार्वमत मागता येईल, अशी तरतूद त्या देशाच्या १८७४ च्या संघीय राज्यघटनेत होती. मात्र त्याच देशात स्त्रियांना संघीय पातळीवरील मताधिकार मिळण्यासाठी १९७१ साल उजाडावे लागले.

सल्ला आणि सत्ता

या योजनेची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. सभेला विचारणे बंधनकारक होते, तिचे ऐकणे बंधनकारक नव्हते. दिवाणांची नेमणूक महाराज करत, दिवाण महाराजांनाच उत्तरदायी असत आणि अंतिम शब्द महाराजांचा राहत असे. स्वित्झर्लंडमध्ये सार्वमताने कायदा रद्द होऊ शकत होता. म्हैसूरच्या सभेचे प्रतिकूल मत मात्र सरकारला बाजूला ठेवता येत होते.

शासनसंस्था समाजाच्या परंपरेतून आणि सवयींतून क्रमाने वाढाव्यात, हा सील यांच्या योजनेचा आधार होता. पण लोकांच्या अपेक्षा त्या क्रमापेक्षा वेगाने वाढल्या. सील १९३० मध्ये कुलगुरुपदावरून निवृत्त होऊन कलकत्त्याला परतले. १९३८ च्या एप्रिलमध्ये शिवपुर येथे काँग्रेस कार्यकर्त्यांनी ध्वज सत्याग्रह केला आणि त्यानंतर विदुराश्वत्थ येथे जमावावर गोळीबार झाला. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी संस्थानभर पसरली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला सील यांचे निधन झाले.

नेमक्या याच काळात महाराष्ट्रातील एका छोट्या संस्थानाने वेगळी वाट धरली. साताऱ्याजवळील औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये स्वराज्य घटना लागू केली आणि राज्यकारभार ग्रामपंचायतींच्या पायावर लोकांकडे सोपवला. औंधने सत्ता दिली, म्हैसूरने सल्ल्याचा हक्क दिला होता. म्हैसूरमध्ये सत्तेचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरच सुटला. ‘म्हैसूर चलो’ आंदोलनानंतर २५ ऑक्टोबर १९४७ रोजी के. सी. रेड्डी यांनी संस्थानाचे पहिले लोकनियुक्त मुख्यमंत्री म्हणून सूत्रे घेतली. प्रजाप्रतिनिधी सभा १९४९ मध्ये इतिहासजमा झाली.

आजचा संदर्भ

आज सत्तेचा स्रोत लोकच आहेत. मात्र सील यांनी हाताळलेला दुसरा प्रश्न संपलेला नाही. निवडणुकीच्या मधल्या काळात, कायदा होण्यापूर्वी, ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांना विचारले जाते का? केंद्र सरकारने २०१४ मध्ये या दृष्टीने एक धोरण स्वीकारले. त्यानुसार प्रस्तावित कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस जनतेच्या अवलोकनासाठी खुला ठेवणे अपेक्षित आहे. परंतु हे प्रशासकीय धोरण आहे, संसदेने केलेला कायदा नाही. १९२३ च्या म्हैसूरमध्ये मतदार थोडे होते आणि राजा सर्वाधिकारी होता, तरी लोकप्रतिनिधींना आधी विचारण्याचे कर्तव्य कायद्यात लिहिलेले होते.

म्हैसूर दरबाराने सील यांना ‘राजतंत्रप्रवीण’ ही पदवी दिली आणि १९२६ मध्ये ब्रिटिश सरकारकडून त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. आज त्यांचे नाव तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे घेतले जात नाही. त्यांच्या आराखड्याचे यश आणि अपयश मात्र एकाच वाक्यात सांगता येते. लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याची सक्ती त्याने राज्यकर्त्यांवर केली, ते मानण्याची सक्ती करू शकला नाही. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने दुसरे काम पूर्ण केले. पहिल्या कामाला कायद्याचे बळ देणे अजून बाकी आहे.