बिबट्याचा शेजार

जालन्याहून पोटासाठी मुंबईस गेलेल्या कामगारांच्या वस्त्यांत संघटनेच्या कामाने आमचे जाणे होते. त्यांतील काही वस्त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला खेटून आहेत. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे हे रान. विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी पुरविणारे तलाव त्याच्याच कुशीत आहेत.

तेथे बिबटेही राहतात. २००४ साली त्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. बिबटे पकडून दूर सोडा, अशी ओरड झाली. परंतु परक्या मुलखात सोडलेला बिबट्या अधिकच धोक्याचा ठरतो, असे अभ्यासकांना जुन्नर भागात आढळले. शिवाय एक नेला की रिकाम्या जागी दुसरा येतो.

मूळ कारण निराळेच आहे. उकिरड्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. घरी संडास नाही म्हणून अंधारात झुडपाआड बसलेले मूल त्याला लहान जनावर भासते. २०११ पासून वनखात्याने नागरिकांना सोबत घेऊन हेच लोकांना समजावून सांगितले.

कचऱ्याची गाडी, रस्त्यावर दिवा, वस्तीत संडास : या तर आमच्या जुन्याच मागण्या! त्याच वनरक्षणाच्याही आहेत, हे आम्हांस तेथे उमगले.

आपल्या मोती तलावाकाठी बिबट्या नाही. पण न्याय तोच. काठच्या वस्तीचा कचरा रोज उचलला जात नाही तोवर ‘तलाव स्वच्छ राखा’ ही पाटी फुकट आहे. पालिकेकडे ती मागणी काठच्यांनी एकट्याने का करावी? तलाव साऱ्या गावाचा आहे.