दाराबाहेर उभा असलेला हामिद

आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या दोन तासांना मुलांना एखादी गोष्ट वाचून दाखवायची किंवा चांगला चित्रपट दाखवायचा, असा रिवाज आम्ही काही वर्षांपासून ठेवला आहे. शाळेत सिनेमा, हे सुरुवातीला काही पालकांना पटले नाही. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मोबाइलवर मुले काय काय पाहतात हे दिसल्यावर धास्ती वाटतेच. म्हणून मी पालकांनाही सोबत बसायला बोलावते.

मागच्या हिवाळ्यात आम्ही माजिद मजीदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ हा 1997 चा इराणी चित्रपट दाखवला. भाषा फारसी, पण मधूनमधून ओळखीचा शब्द कानावर आला की आमची उर्दूची मुले खूश होत. गोष्ट साधी आहे. अलीच्या हातून धाकट्या बहिणीचे, झहराचे, दुरुस्त करून आणलेले बूट हरवतात. नवे घ्यायला घरात पैसे नाहीत. मग दोघे अलीचाच जोड वाटून घेतात. तिची शाळा सकाळी, त्याची दुपारी. ती धावत येऊन गल्लीत बूट काढून देते, तो ते घालून धावत सुटतो, तरी त्याला उशीर होतोच. शाळेतले सर त्याला अडवतात, रागावतात. अलीला खरे कारण सांगता येत नाही.

माझी मान खाली गेली. त्याच आठवड्यात मी पाचवीच्या एका मुलाला उशिरा आल्याबद्दल तिसऱ्यांदा वर्गाबाहेर उभे केले होते. का उशीर होतो, हे एकदाही विचारले नव्हते.

चित्रपट संपल्यावर मी त्याला जवळ बोलावले. “बेटा, घरी कोण असतं?” म्हणाला, “दादी.” आईवडील ऊसतोडीला गेले होते, ते हंगाम संपल्यावर येणार. पाणी आले की दादीला घागरी उचलवत नाहीत, म्हणून तो सगळे भरून मग निघतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात, हे मला ठाऊक नव्हते थोडेच! पण माझ्या वर्गातल्या उशिराशी मी ते कधी जोडले नाही.

गंमत अशी, की प्रेमचंदांची ‘ईदगाह’ मी दरवर्षी वाचून दाखवते. आईवडिलांविना दादीजवळ वाढणारा हामिद ईदच्या जत्रेत मिठाई आणि खेळणी सोडून तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना दादी अमीनाचे हात पोळतात. दरवर्षी वाचताना माझा गळा दाटून येतो. आणि यंदा हामिद माझ्याच दाराबाहेर उभा होता!

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. गोष्ट वाचताना आपण स्वतःला नेहमी हामिदच्या किंवा अलीच्या जागी ठेवतो. रडतो, आणि आपण चांगले आहोत असे समाधान वाटते. कधीतरी उलटे विचारावे: या गोष्टीत त्रास देणारा कोण आहे, आणि तो मी तर नाही ना?

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी पडते. तिला शिवायचे नाही म्हणून कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी ठेव. गुरुजी आपल्याच समाजाचे वागणे उघडे करून दाखवतात. पुढे मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या जीवनावरचे पुस्तकही लिहिले आहे. आपल्या किती घरांत ते आहे? प्रेमचंद म्हणजे धनपतराय. त्यांनी ईदची सकाळ आपल्याच घरची असावी तशी लिहिली. ते आपल्या अंगणात येऊन गेले. आपण त्यांच्या अंगणात किती जातो?

जानेवारी 2020 मध्ये आमच्या शहरात 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला होता. तरी संमेलन गोरोबा काकांच्या या जिल्ह्यात त्यांच्याच अध्यक्षतेखाली पार पडले. सूरह हुजुरातमध्ये लोकांच्या जाती-जमाती केल्याचे कारण एकमेकांची ओळख व्हावी, असे आले आहे. ओळख करून घ्यायला आधी समोरच्याच्या घरात डोकावावे लागते.

त्या चित्रपटात झहराला आपले हरवलेले बूट दुसऱ्या एका मुलीच्या पायात दिसतात. भावंडे तिचा माग काढत घरापर्यंत जातात. तिचे वडील आंधळे आहेत, हे पाहून दोघे काही न बोलता परत फिरतात. बूट त्यांचेच होते, हक्कही त्यांचाच होता. आमच्या वर्गात तेव्हा कोणी हूं की चूं केले नाही.

भगिनींनो, आठवड्यातून एकदा मगरिबनंतर मोबाइल बाजूला ठेवून घरात एखादी गोष्ट वाचून पाहा. एकदा आपल्यातली, एकदा शेजाऱ्यांची. आणि मुलांना तात्पर्य विचारू नका. “यात तू कोण?” एवढेच विचारा. आधी स्वतः उत्तर द्या.

तो मुलगा अजूनही अधूनमधून उशिरा येतो. हजेरी मी आता पहिल्या तासाच्या शेवटी घेते.