पणजोबांचा शोध : कागद आणि रक्त

पेणकर म्हणजे पेणचे, रोहेकर म्हणजे रोह्याचे, केहिमकर म्हणजे किहीमचे, हे ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आपल्या मुलांना आता सांगावे लागते. आडनावातच गाव सापडणे हे बेने इस्राएलांचे भाग्य होय. वंशशोधाचे पहिले टोक आपल्या हाती आयतेच असते. तरी पुष्कळ कुटुंबे आरंभ करतात तो लाळेचा नमुना टपालाने पाठवून, आणि जुना केतुबा पेटीच्या तळाशी तसाच राहतो.

आमच्या मते क्रम उलटा असावा. आधी घरातील वृद्धांना विचारावे, विशेषतः स्त्रियांना. माहेरची नावे बहुधा त्यांच्याच स्मरणात उरलेली असतात. मग कागद पाहावेत. येथे नावांचा घोळ हमखास आडवा येतो. मुंबईत १७९६ साली आपले पहिले प्रार्थनामंदिर, शाअर हारहामीम, उभारणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर होत. एकच नाव धरून बसणाऱ्यास दुसऱ्या नावाची नोंद कशी मिळावी? हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला आपल्या समाजाचा इतिहास अशा वेळी जवळ असावा.

ज्यांचे वडीलधारे बोटीने आले, त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील फ्रीमँटलच्या उतारूंच्या याद्याही पाहाव्यात. मुंबईहून निघालेली बोट बहुधा त्याच बंदराला प्रथम लागे. स्थलांतराच्या जुन्या फायली मात्र मन घट्ट करून उघडाव्यात. १९६६ मध्ये नियम सैल झाले, तरी अर्जदाराचा वंश पाहण्याची रीत सरकारी धोरणातून गेली ती १९७३ मध्ये.

आता डीएनएविषयी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १८ बेने इस्राएल व्यक्तींचे नमुने तपासले गेले. त्यांत यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. त्यांचा संगम सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असावा, असा अंदाज निघाला. ही समाजाची कथा झाली. आपले पणजोबा कोण, हे त्यातून कळत नाही. घरगुती चाचणीत नातेवाईकांची यादी येते खरी, परंतु शतकानुशतके आपसांतच सोयरीक झाल्यामुळे दूरचा आप्तही जवळचा चुलतभाऊ भासतो. शिवाय आपले बहुसंख्य आप्त इस्राएलात आहेत, आणि तेथील २००० सालच्या कायद्यामुळे अशी चाचणी सहजासहजी करता येत नाही.

आमची आत्या १९६२ मध्ये इस्राएलात होती. बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी मागील पिढ्यांची चौकशी व्हावी, असा आदेश त्या वर्षी धर्मपीठाने काढला होता. १९६४ मध्ये क्नेसेटने आपल्या समाजाच्या बाजूने ठराव केला, तोवर लोकांनी पुष्कळ सोसले. आत्या आता मेलबर्नला असते. गेल्या वर्षी चाचणीची नळी तिच्यापुढे ठेवली, तेव्हा तिने ती सरळ परत केली. ‘मी कोण, हे पुन्हा कोणाला दाखवायचे नाही रे बाबा,’ एवढेच म्हणाली.

मग चहा झाल्यावर तिने वही मागितली आणि संध्याकाळपर्यंत चार पाने भरून नावे सांगितली. पणजोबांचे घरातले नाव त्यांत होते. आम्ही ते कोणत्याही यादीत शोधले नव्हते.