एकांडा शिलेदार : २,१४,७४,८३,६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एका दमात म्हणून बघा! १ आणि ती स्वतः, एवढे दोनच विभाजक असलेली ही मूळसंख्या. तिच्या या काही नवलाईच्या गोष्टी.

पटावरचे दाणे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चला. एकतिसाव्या घरापर्यंतचे सगळे दाणे मोजलेत की नेमकी हीच संख्या भरते. म्हणजे २चा ३१वा घात, वजा १.

घराणं मोठं. घातातला ३१सुद्धा याच घडणीचा: २चा पाचवा घात, वजा १. अशी दुहेरी घडण असलेल्या मूळसंख्या आजवर चारच सापडल्यात: ७, १२७, ही आणि चौथी तब्बल ३९ अंकी.

ऑयलरची कमाल. ही संख्या मूळ आहे हे गणिती ऑयलरने १७७२मध्ये बर्नुली या दुसऱ्या गणितीला पत्रातून कळवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेली होती. सरळ मार्गाने जायचं तर हिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या ४,७००हून अधिक मूळसंख्यांनी भागून बघावं लागलं असतं. पण ऑयलरने ओळखलं, की हिला विभाजक असलाच तर त्याला २४८ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३च उरेल. मग काम जास्तीत जास्त ३७२ भागाकारांवर आलं. त्यातली पहिली मूळसंख्या ३११. भागून बघा, बाकी ३५ उरते!

परिपूर्ण जोडीदार. ६चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३. बेरीज पुन्हा ६. अशा संख्येला परिपूर्ण म्हणतात. आपल्या शिलेदाराला २च्या ३०व्या घाताने गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या मिळते: २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८.

बार्लोचा अंदाज. अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत; म्हणून याहून मोठी कुणी शोधणार नाही, असं इंग्रज गणिती पीटर बार्लोने १८११मध्ये लिहिलं. २०२४मध्ये '२चा घात, वजा १' याच घराण्यातली ४,१०,२४,३२० अंकी मूळसंख्या सापडली.

संगणकाची वेस. उपयोगाचं म्हणाल, तर ३२ बिटांपैकी एक बिट चिन्हासाठी राखलं, की उरलेल्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच! २०१४मध्ये 'गंगनम स्टाइल' या गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही वेस ओलांडली; त्यासाठी यूट्यूबने आपला मोजणीचा आकडा आधीच ६४ बिटांवर नेला होता.

तारीख लिहून ठेवा. अनेक संगणक १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले, की ती मोजणी ऑयलरच्या आकड्यावर पोचेल. जुन्या ३२ बिटी यंत्रांना त्यापुढचा सेकंद मोजता येणार नाही. म्हणून ती बदलण्याचं काम आतापासूनच सुरू आहे.