कातळातील पाण्याच्या वाटा

एकाच बांधाच्या दोन बाजूंस दोन विहिरी. खोली सारखी, खडकही वरवर सारखाच. एकीस चैत्रातही पाणी, तर दुसरी कोरडी. कर्ज काढून खोदलेली विहीर कोरडी निघाली की दोष नशिबाला वा पाणाड्याला दिला जातो. कारण मात्र खडकाच्या जडणघडणीत असते.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग लाव्ह्याच्या थरांपासून बनलेल्या बेसाल्टने व्यापला आहे. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाप्रमाणे त्यात पाणी सहजी झिरपत नाही. घट्ट काळ्या पाषाणात पाण्याला वाट असते ती केवळ भेगांची. मांजऱ्या खडकात वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली छिद्रे पुष्कळ. परंतु ती एकमेकांस जोडलेली नसतील, तर व्यर्थच. सच्छिद्र खडक पाझरतोच असे नव्हे.

हा विचार गणितात प्रथम मांडला तो ब्रॉडबेंट व हॅमर्स्ले या इंग्रज संशोधकांनी, १९५७ साली. चौकोनी विणीच्या एका विस्तीर्ण जाळ्याची कल्पना करावी. प्रत्येक धागा म्हणजे एक नळी. काही नळ्या उघड्या, काही बंद, आणि त्यांना क्रम कसलाच नाही. निम्म्याहून कमी उघड्या असतील तर पाणी थोडे अंतर जाऊन थबकते. निम्म्याहून अधिक होताच ते या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचते. ४९ आणि ५१ टक्क्यांत एवढा फरक! ही मर्यादा हॅरी केस्टेन यांनी १९८० मध्ये सिद्ध केली. खोलीचीही दिशा असलेल्या घनाकृती जाळ्यात वाटा अधिक, म्हणून तेथे सुमारे २५ टक्के नळ्या पुरतात.

खऱ्या खडकातील भेगा लहानमोठ्या असल्याने हे आकडे विहिरीस लावता येत नाहीत. तत्त्व मात्र लागू पडते. मर्यादेच्या जवळ असलेल्या खडकात बहुतेक पाणी मोजक्याच भेगांतून वाहते. त्यांतील एखादी जिला लाभली ती विहीर भरते.

१९७२ च्या दुष्काळात व पुढे रोजगार हमी योजनेतून राज्यात अनेक पाझर तलाव बांधले गेले. तलावाखाली भेगांचे जाळे जोडलेले नसेल, तर साठलेले पाणी बव्हंशी उन्हाने उडून जाते. जाळे असले तरी गाळाने एकेक वाट बुजत गेली की, कित्येक भेगा उघड्या असूनही पाझर थांबतो. यास्तव जागा ठरविण्यापूर्वी परिसरातील विहिरींच्या बाजू न्याहाळून भेगा कोणत्या थरात आहेत ते पाहणे अगत्याचे ठरते. शोषखड्ड्याबाबतही तेच. वाळू पाणी गाळते, रुंद भेग गाळत नाही. त्यामुळे खड्ड्यातील घाण लगतची विहीर सोडून दूरच्या विहिरीत आधी उतरू शकते.