ब्राउझरला मराठी सांगताना

पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात, पण इथल्या किती तरी घरांतली बोली मराठी. 1956 मध्ये सीमा नव्यानं आखल्या तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यातूनच ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. सोयरिकी काटोल-वरूडकडच्या, संत्र्याची गाडी नागपूरला. समग्र आयडी, खसरा आणि शाळेचे अर्ज मात्र हिंदीत. म्हणून एमपी ऑनलाईनच्या दुकानातला संगणक असो की खिशातला मोबाइल, मांडणी हिंदीच असते. यंत्राच्या लेखी इथं मराठी माणूसच नाही. ही गोष्ट मला खटकत होती, आणि ब्राउझर स्वतः लिहून पाहायचं ठरवलं त्याचं कारण हेच.

जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, आणि सी भाषा. जीसीसी हा कंपायलर सीमधलं लिखाण थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो. खिडकी, बटणं आणि पत्त्याची पट्टी जीटीके पुरवतं. पान दाखवायचं काम वेबकिटचं, आणि ते मी लिहिलेलं नाही. केडीई प्रकल्पाच्या केएचटीएमएलवरून अ‍ॅपलनं वेबकिट उभं केलं, त्यावरून 2013 मध्ये गूगलनं ब्लिंक वेगळं काढलं. असं इंजिन शून्यापासून लिहायला मोठमोठे चमू आणि वर्षं लागतात. माझी तयार फाइल काही किलोबाइटची, वेबकिटची लायब्ररी तिच्या हजारो पट. तरीही वापरणाऱ्याशी संबंध येणारे निर्णय त्या छोट्या फायलीत घ्यावे लागतात, हे लिहायला बसल्यावरच कळतं.

पहिला निर्णय पत्त्याचा. माणूस पट्टीत नुसतं नाव टाकतो. वेबकिटला पूर्ण पत्ता लागतो. पुढे 'एचटीटीपीएस' जोडणारी ओळ आपणच लिहायची. सर्व्हर मधेच दुसरीकडे वळवतो, म्हणून पट्टीतला पत्ता पान खरोखर येऊ लागल्यावर बदलायचा, नाहीतर पट्टीत एक आणि खाली दुसरंच. प्रमाणपत्र चुकीचं असेल तर वेबकिट पान उघडत नाही. ही अट एका ओळीत उठवता येते. ज्या खिडकीतून लोक आधार क्रमांक आणि बँकेचा पासवर्ड देतात, तिथं ती ओळ कुणीही लिहू नये.

चालू प्रक्रियांची यादी उघडली तर आणखी एक गोष्ट दिसते. माझा प्रोग्रॅम एक, नेटवर्कचं काम पाहणारी प्रक्रिया दुसरी, पान रंगवणारी तिसरी. पानाची प्रक्रिया मुद्दाम मारली; पान गेलं, खिडकी, बटणं आणि पत्ता जागच्या जागी. कुठल्या तरी बिघडलेल्या पानापायी अख्खा ब्राउझर बसू नये म्हणून ही विभागणी.

आता भाषा. प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर सर्व्हरला आवडत्या भाषांची यादी पाठवतो. लॅपटॉप हिंदीवर होता, म्हणून यादीतही हिंदीच. वेबकिटमध्ये ती बदलायला एक फंक्शन आहे. मी क्रम दिला मराठी, हिंदी, इंग्रजी. काही संकेतस्थळं ही यादी वाचतात, बरीच वाचत नाहीत. पण न मागता मराठी कोण देणार?

याहून मोठा आनंद अक्षरांनी दिला. मराठीचा 'ल' पाकळीयुक्त आणि 'श' देठयुक्त. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयात ही वळणं याच नावांनी आहेत. हिंदी 'ल'ला उजवीकडे उभा दंड असतो. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना क्रमांक एकच. मग पडद्यावर कोणतं उमटणार? पानाच्या कोडमध्ये 'लँग' म्हणून भाषेची नोंद असते. तिथं 'एमआर' असेल तर हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी फॉन्टमधलं मराठी वळण उचलते. 'एचआय' असेल तर हिंदी. पुष्कळ मराठी पानांवर ही नोंद नसते, किंवा चुकून हिंदी वा इंग्रजीची असते.

म्हणून पट्टीशेजारी 'म' असं एक बटण ठेवलं. ते दाबलं की जावास्क्रिप्टची एक ओळ उघड्या पानाची नोंद 'एमआर' करते. मजकूर तोच, आणि डोळ्यांदेखत 'ल'चा दंड जाऊन पाकळ्या येतात. शेजारी बसलेले काका वाकून म्हणाले, "हा तं आपल्या पेपरातला ल दिसून राहिला." फॉन्टमध्ये मराठी वळण घडवलेलंच नसेल, किंवा पानातल्या एखाद्या भागावर वेगळ्या भाषेची नोंद असेल, तर तिथं बटणाचा उपयोग नाही. तरी जिथं चालतं तिथं ते पाहायला मी अजूनही थांबतो.

पण हे बटण म्हणजे वाचणाऱ्यानं केलेली डागडुजी झाली. खरं काम पान लिहिणाऱ्याचं. पांढुर्णा-सौंसरात शाळेचं, देवस्थानाचं, संत्रा व्यापाऱ्याचं पान मराठीत करून देणारी पोरं आता आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती: मजकूर मराठी असेल तर पानाच्या सुरुवातीलाच भाषा 'एमआर' लिहा, आणि फॉन्ट निवडताना त्यातला 'ल' एकदा पाहून घ्या.