शेवग्याच्या पानांची भुकटी : चमचाभर गुण, चमचाभर सावधगिरी

बालाघाटाच्या डोंगररांगा अंगावर वागवणारा आणि पर्जन्यछायेत येणारा धाराशिव जिल्हा अवर्षणाला सरावलेला असून, अशा हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत कमी पाण्यावर तग धरणारा शेवगा तेथे परसात व शेताच्या बांधावर सहज रुजतो. शेंगा आमटीत, कोवळा पाला भाजीत आणि उरलेला पाला शेळ्यांच्या चाऱ्यात, असा त्याचा उपयोग चालत आला आहे. मात्र हाच पाला वाळवून केलेली हिरवी भुकटी आता पाकिटबंद होऊन औषधाच्या थाटात विकली जात असल्याने, तिचा परंपरागत आधार कोणता आणि तिच्या सेवनाची मर्यादा कोणती, हे स्पष्ट होणे आवश्यक आहे.

आयुर्वेदात शेवग्याला शिग्रु किंवा शोभांजन म्हणतात. चरकसंहितेत त्याची गणना स्वेदोपग, म्हणजे घाम आणण्याच्या उपचारास साहाय्य करणाऱ्या द्रव्यांत होते, तर सुश्रुतसंहितेत कफ व मेद कमी करणाऱ्या वरुणादि गणात तो येतो. त्याचा गुण उष्ण व तीक्ष्ण मानला जात असल्यामुळे सूज, जडपणा आणि जंत यांवर तो सुचवला जातो, परंतु पित्तप्रकृतीच्या आणि रक्तस्राव होणाऱ्या व्यक्तीने त्याचा वापर जपून करावा, असाही संकेत आहे. शास्त्रात साल, मूळ, बी आणि पान यांचे उपयोग वेगवेगळे असल्याने एका अवयवाचा गुण दुसऱ्याला सरसकट लावता येत नाही.

घरगुती परंपरेत पाला प्रामुख्याने अन्न म्हणूनच आला आहे. मराठवाड्यात डाळ, लसूण आणि शेंगदाण्याचे कूट घालून केलेली पाल्याची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली जाते, तर सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला आंबोळीसोबत हीच भाजी करण्याची प्रथा आहे. दोन्हीकडे पाला ताजा असतो, शिजवला जातो आणि इतर पदार्थांसह पोटात जातो. भुकटीत मात्र पानातील पाणी निघून गेल्याने त्याच वजनात पोषकद्रव्ये कितीतरी दाट होतात.

याच दाटपणामुळे जाहिरातीतील तुलना फसव्या ठरतात. कोरड्या भुकटीच्या १०० ग्रॅमांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असली, तरी चहाच्या चमच्यात मावणाऱ्या अंदाजे ३ ग्रॅम भुकटीतून पाऊण ग्रॅमच प्रथिने मिळतात. लोहाचे प्रमाण जमिनीनुसार व पानाच्या वयानुसार बदलत असले, तरी चमच्यामागे ते साधारणतः १ मिलिग्रॅमच्या आतच राहते, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केलेली आहे. शिवाय वनस्पतिजन्य लोहाचा थोडाच अंश शरीरात शोषला जातो, तर संत्र्याशी ज्याची तुलना केली जाते ते क जीवनसत्त्व वाळवताना बरेचसे नष्ट होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला असताना, भुकटीच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या बंद करणे धोक्याचे ठरते.

सुरक्षिततेचा पहिला प्रश्न औषधांशी होणाऱ्या संयोगाचा आहे. शेवग्याच्या पानांमुळे रक्तातील साखर व रक्तदाब काहीसा कमी होऊ शकतो, त्यामुळे या विकारांची औषधे घेणाऱ्यांत तो परिणाम दुणावण्याची शक्यता असते. हिरव्या पानांतील के जीवनसत्त्व वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या कामात अडथळा आणते, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियमचा भार सोसत नाही. गरोदर स्त्रियांनी मूळ व साल पूर्णपणे टाळावी आणि भुकटी वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. निरोगी व्यक्तीलाही एकदम जास्त मात्रा घेतल्यास मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात.

दुसरा प्रश्न स्वच्छतेचा आहे. वाळवण्याने सर्व जंतू मरत नाहीत; अमेरिकेत २०२५ साली अशाच भुकटीशी जोडलेल्या साल्मोनेला संसर्गाचे रुग्ण आढळले. म्हणून कीटकनाशक न फवारलेली, रस्त्याच्या धुळीपासून दूरची पाने स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत हवेशीर जागी जाळीवर पातळ पसरून, चुरचुरीत होईपर्यंत वाळवावीत आणि हवाबंद डब्यात ओलाव्यापासून व उजेडापासून दूर ठेवावीत. कडक उन्हात वाळवल्यास पानातील कॅरोटीन घटते. विकत घेताना पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक व उत्पादनाची तारीख पाहावी, आणि भुकटी कच्ची न फाकता पिठल्यात, वरणात किंवा आमटीत घालून उकळावी.

भाजी म्हणून शेवग्याच्या पाल्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा आधार आहे, परंतु तो आधार रोजच्या दाट मात्रेला आपोआप लागू होत नाही. ज्या घराच्या परसात झाड आहे, तेथे आठवड्यातून एकदोनदा पाल्याची भाजी करणे हा सर्वांत स्वस्त आणि पारखलेला मार्ग ठरतो. भुकटी ही पाला न मिळण्याच्या दिवसांतील सोय मानावी, आणि रोगावरील उपचार म्हणून ती घ्यायचीच असेल, तर मात्रा व कालावधी तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावा.